मीठ ठेवायचं कुठे?

दिवाळीच्या आधी महिनाभर दादरपासून नागपूरपर्यंत कुठल्या ना कुठल्या मंगल कार्यालयात राजस्थानी हस्तकलेचं प्रदर्शन लागलेलं असतं. चादरींच्या ढिगातून पांढऱ्या जमिनीवर बारीक बुट्ट्यांची एखादी चादर विक्रेता ओढून काढतो आणि 'सांगानेरी आहे' एवढंच सांगतो. गिऱ्हाइकाला तेवढं पुरतं. 2010 मध्ये या छपाईला भौगोलिक मानांकनही मिळालं. सांगानेर हे जयपूरच्या दक्षिणेचं, आता शहरात मिसळून गेलेलं आणि विमानतळाला खेटलेलं गाव. तिथल्या छिपा समाजाची जुनी रीत अशी: कापडाला हरड्याचा लेप द्यायचा, तुरटीच्या ठशातून लाल उठवायचा, गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवून काळा करायचा. मग कापड नदीत धुवायचं आणि वाळूवर पसरून उन्हात उजळू द्यायचं. जमीन पांढरीशुभ्र निघते याचं श्रेय हे लोक आपल्या हाताइतकंच तिथल्या पाण्यालाही देत आले.

त्या पाण्याची कहाणी मात्र प्रदर्शनात कुणी सांगत नाही. जयपुरातून दक्षिणेकडे वाहणारी द्रव्यवती नदी कागदोपत्री आणि लोकांच्या तोंडी 'अमानीशाह नाला' होऊन गेली. एकोणिसाव्या शतकात जयपूर शहराला पिण्याचं पाणी याच प्रवाहातून उपसून दिलं जात होतं. पुढे शहराची तहान रामगढ तलावावर गेली. 1982 च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती जिथे झाल्या तोच हा तलाव. विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर तो आटला, आणि जयपूर आता टोंक जिल्ह्यातल्या बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाचं पाणी पितं. ज्या प्रवाहाने शहर पोसलं त्याच्या वाट्याला शहराचं सांडपाणी आलं, आणि सांगानेरपाशी त्यात रंगाची भर पडली.

रंग बदलले तसं पाणी बदललं. 1956 मध्ये आयसीआय या ब्रिटिश कंपनीने कापसाच्या धाग्याशी थेट रासायनिक बंध करणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग बाजारात आणले आणि जगभरच्या रंगाऱ्यांचं काम सोपं झालं. रंग चमकदार, पक्का, स्वस्त. मात्र त्यातला बराचसा भाग, रंगाच्या जातीनुसार पाचव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत, धाग्याला न चिकटता पाण्याशीच संयोग पावतो आणि धुण्यात निघून जातो. कापड बुडवून रंगवायचं असेल तर रंगाला धाग्याकडे ढकलायला दर लिटरला चाळीस ते ऐंशी ग्रॅम मीठ लागतं. छपाईत मीठ कमी, पण तिथे लगद्यात युरिया आणि सोडा येतो. स्वस्तातल्या छपाईत वाफेऐवजी सोडियम सिलिकेटच्या द्रावणातून कापड काढून रंग पक्का करतात. या सिलिकेटचं नाव लक्षात ठेवावं. पुढे ते पडद्यांवर येऊन बसणार आहे.

स्वस्त रंगांचं आणखी एक प्रकरण होतं. बेंझिडीनसारख्या घटकांपासून बनलेले काही अ‍ॅझो रंग शरीरात फुटून कर्करोगकारक पदार्थ देतात म्हणून जर्मनीने 1994 मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. निर्यातदारांची धावपळ उडाली आणि भारतानेही 1997 पर्यंत अशा रंगांवर बंदी आणली. जयपुरातल्या संशोधकांनी सांगानेरच्या सांडपाण्यावर जीवाणूंच्या आधाराने करायची एम्स चाचणी घेतली आणि त्यात जनुकीय बदल घडवण्याची क्षमता आढळल्याचे निबंध प्रसिद्ध केले. परदेशी ग्राहकाच्या त्वचेसाठी कायदा लवकर झाला. नाल्याच्या पाण्यावर भाजी पिकवणाऱ्या आणि ती खाणाऱ्यांची पाळी नंतर आली. 2003 मध्ये 'विजयसिंह पूनिया विरुद्ध राजस्थान राज्य' या खटल्यात राजस्थान उच्च न्यायालयाने सांगानेरच्या प्रदूषण करणाऱ्या रंगाई-छपाई कारखान्यांना उलाढालीच्या 15 टक्के नुकसानभरपाईचा आदेश दिला. नफ्याच्या नव्हे, उलाढालीच्या. त्यानंतरही सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे सीईटीपी, उभं राहायला बरीच वर्षं गेली. ते 12.3 एमएलडी क्षमतेचं आहे, म्हणजे दिवसाला 1 कोटी 23 लाख लिटर, आणि पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या, 'झिरो लिक्विड डिस्चार्ज'च्या तत्त्वावर आखलेलं.

इथून रसायनशास्त्र सुरू होतं, आणि रसायनं विकणाऱ्या कंपन्यांचंही.

पाणी शुद्धीकरणातल्या कंपन्यांचं संशोधन म्हटलं की डोळ्यांपुढे पांढरा कोट आणि महागडी यंत्रं येतात. या धंद्यातली खरी प्रयोगशाळा म्हणजे 'जार टेस्ट'. एका ओळीत सहा काचेची भांडी, प्रत्येकात तेच सांडपाणी, वर एकाच दांड्याला जोडलेल्या सहा फिरत्या पात्या. पहिल्या भांड्यात औषध अजिबात नाही, मग पुढे चढत्या मात्रेने. आधी मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं हळू, मग थांबून बघत बसायचं: कण कुठे जुळले, गाळ किती बसला, वरचं पाणी किती नितळ. औषध बहुधा साधंच असतं. तुरटी, चुना, हिराकस. थोडी महाग म्हणजे पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड, ज्याला सगळे 'पॅक' म्हणतात. आणि रंग धरून खाली बसवणारी, डायसायनडायमाइड आणि फॉर्मल्डिहाइडपासून केलेली रेझिन. कंपनीचा माणूस कारखान्यात जातो, तिथल्या पाण्यावर ही चाचणी करून मात्रा ठरवतो आणि अहवाल देतो. अशा कंपन्यांच्या संशोधनाचा मोठा भाग या अहवालांत आणि उत्पादनांच्या माहितीपत्रकांत असतो. नियतकालिकांत जातो तो थोडा, पेटंटांत जरा जास्त. त्यामुळे ज्ञान भरपूर तयार होतं, पण ते गिऱ्हाइकाच्या फायलीत राहतं. शेजारच्या कारखान्यात तीच चाचणी पुन्हा पहिल्यापासून होते.

हिराकस आणि चुन्याने सांगानेरचं लालभडक पाणी डोळ्यांदेखत फिकं होतं. पाहणारा खूश होतो. रंग मात्र नाहीसा झालेला नसतो, तो गाळात गेलेला असतो. आणि पाण्यात विरघळलेल्या मिठाला हिराकसने काहीच होत नाही, उलट औषधातल्या सल्फेटची त्यात भर पडते. पाण्यावर कितीही हुशार प्रक्रिया करा, त्यातलं मूलद्रव्य नष्ट होत नाही. सेंद्रिय द्रव्य जीवाणू खातात आणि त्यातला कार्बन हवेत जातो, तो भाग सुटतो. सोडियम, क्लोराइड, सल्फेट, फ्लोराइड, सिलिका फक्त जागा बदलतात. जयपूरच्या पाण्याची कथा ही या जागा बदलण्याची कथा आहे.

जागा बदलण्याची युक्ती जुनी आहे. खताचा अमोनिया माती धरून ठेवते आणि बदल्यात चुना सोडते, हे एच. एस. थॉम्पसन या इंग्रज जमीनदाराच्या लक्षात आलं. जे. टी. वे याने 1850 च्या सुमारास त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. 1905 च्या आसपास बर्लिनमध्ये रॉबर्ट गान्स याने कृत्रिम झिओलाइट करून त्यातून पाणी मऊ करण्याची रीत काढली. त्या मालाचं नाव 'पर्म्युटिट'. 1935 मध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी कृत्रिम राळेतही हा गुण असल्याचं दाखवलं. फुटक्या ग्रामोफोन तबकड्यांच्या चुऱ्यावर प्रयोग करताना त्यांना ते सुचलं, अशी आख्यायिका या धंद्यात आवडीने सांगतात. पर्म्युटिट याच नावाच्या कंपनीच्या सहकार्याने 1964 मध्ये मुंबईत आयन एक्स्चेंज (इंडिया) ही कंपनी निघाली आणि 1985 मध्ये ती पूर्ण भारतीय झाली. 1966 मध्ये बॉयलर करणारी वॅन्सन इंडिया सुरू झाली, तीच पुढे पुण्याची थरमॅक्स. रेझिनच्या धंद्यात तीही उतरली. देशभरच्या कारखान्यांतल्या, हॉटेलांतल्या आणि सोसायट्यांतल्या टाक्यांत बसलेले ते पिवळसर, मोहरीएवढे मणी या दोन शहरांच्या कर्तबगारीतून आले, हे मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसतं. आयन एक्स्चेंजने तर हेच मणी औषधाची कडू चव झाकायलाही वापरून दाखवले. संशोधनाच्या कल्पकतेत कमतरता नाही.

मण्यांचं काम समजायला सोपं आहे. भरलेल्या एसटीत प्रत्येक सीटवर सोडियम बसलेला. कॅल्शियम चढतो, दोन सोडियमना उठवतो आणि दोन्ही सीटवर स्वतः बसतो. सगळ्या सीटवर कॅल्शियम झाला की मणी थकले. मग त्यांच्यावरून मिठाचं कडक पाणी सोडायचं. सोडियमची गर्दी एवढी होते की कॅल्शियमला उतरावंच लागतं.

हे मीठ येतं कुठून? जयपूरपासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर सांभर सरोवर आहे. तिथली मिठागरं शेकडो वर्षांची, आणि 1990 पासून त्या पाणथळीला रामसर दर्जा आहे. आता हिशोब करू. बोअरच्या एका लिटर पाण्यात 500 मिलिग्रॅम कठीणपणा असेल, तर 1,000 लिटर मऊ करायला सूत्राप्रमाणे सुमारे 585 ग्रॅम मीठ लागतं, प्रत्यक्षात किलोभर किंवा जास्तच. ते सगळं मीठ आणि निघालेला कॅल्शियम गटारात जातो. सोसायटीच्या गच्चीवरच्या सॉफ्टनरमुळे नळ पांढरे पडत नाहीत, गिझर टिकतो, केस मऊ राहतात. सोसायटीखालची जमीन मात्र थोडी थोडी सांभर होत जाते.

मिठाला अडवणारा पडदा त्यानंतर आला. सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी 1960 च्या आगेमागे कॅलिफोर्निया विद्यापीठात सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पडदा केला. वरचा थर अतिशय पातळ आणि दाट, खालचा जाड आणि सच्छिद्र. त्यातून दाबाने पाणी जातं, मीठ अडतं. हीच आरओ. घराघरांतल्या आरओच्या मुळाशी एका भारतीयाचं नाव आहे, आणि जाहिरातींनी त्याची आठवण कधी काढली नाही.

सांगानेरच्या केंद्रासारख्या ठिकाणी आरओचं गणित असं चालतं. 1,000 लिटर पाण्यात 5 किलो क्षार आहेत. पडद्यांनी 800 लिटर चांगलं पाणी परत दिलं, तर उरलेल्या 200 लिटरमध्ये जवळजवळ सगळे 5 किलो असतात, म्हणजे लिटरमागे 25 ग्रॅम. समुद्राच्या जवळ गेलं हे पाणी. याला 'रिजेक्ट' म्हणतात. मघाचं सिलिकेट इथे आडवं येतं: पाणी जसजसं दाट होतं तशी सिलिका पडद्यावर काचेसारखी बसते, आणि ती काढायला साधं आम्ल पुरत नाही. म्हणून कंपन्यांच्या संशोधनाचा मोठा वाटा 'अँटिस्केलंट' म्हणजे क्षार बसू न देणाऱ्या औषधांवर खर्च होतो. गल्लीतल्या छापखान्याने सिलिकेट बदललं असतं तर त्यातलं बरंच औषध लागलं नसतं. पण गल्लीत छापखाने शेकडो, प्रत्येकाची कृती वेगळी, आणि त्या गल्लीत जाऊन संशोधन करायला पैसे देणारं गिऱ्हाईक नाही.

रिजेक्ट मग उकळायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 540 किलोकॅलरी लागतात. एकाच वाफेकडून तीन-चारदा काम करून घेणारी बाष्पीभवनाची भांडी वापरली तरी कोळसा, लाकूड किंवा गॅस जळतोच. शेवटी फिरत्या पात्यांचा ड्रायर, आणि खाली पडतं मीठ. किती? लिटरमागे फक्त 3 ग्रॅम क्षार धरले आणि केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं असं मानलं, तर 12.3 एमएलडीतून रोज सुमारे 37 टन निघेल. चार ट्रक, रोज. हे गृहीतकाचं गणित आहे, मोजलेला आकडा नाही. पण मोजलेला आकडा रोजच्या रोज जगासमोर यायला हवा तो हाच, आणि नेमका तोच कुठल्या फलकावर दिसत नाही.

हे मीठ खाण्याचं नव्हे. क्लोराइड, सल्फेट, सोडा, सिलिका, रंगाचे अवशेष, सगळं एकत्र. कुणी विकत घेत नाही. कायद्याने ते घातक कचऱ्यासाठी बांधलेल्या खास भरावात पुरावं लागतं. आपल्याकडे असे भराव तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. मीठ पावसात विरघळतं, म्हणून त्याला कायम कोरडं ठेवणं आलं. किती वर्षं? कायम.

तमिळनाडूतल्या तिरुपूरने या कोड्याचा एक तुकडा सोडवला आहे. नोय्यल नदी मेल्यावर मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये तिथले रंगाई कारखाने बंद करायला लावले, तेव्हा उद्योग खडबडून जागा झाला. सल्फेट अडवून क्लोराइड सोडणारे नॅनोफिल्ट्रेशनचे पडदे आहेत. शिवाय सोडियम सल्फेट थंड केलं की त्याचे खडे पडतात. या दोन गुणांचा उपयोग करून तिथे मीठ वेगळं काढतात आणि पुन्हा रंगाईत वापरतात. तिरुपूरला हे जमलं याचं एक कारण तिथे होजिअरी रंगवणाऱ्यांच्या कृती एकमेकांशी बऱ्याच जुळतात. सांगानेरला जुळत नाहीत. इचलकरंजीकरांनी हे वाचताना थोडं थांबावं. तिथल्या सामूहिक केंद्राची क्षमताही सांगानेरच्या आसपासच आहे, आणि 2012 च्या काविळीच्या साथीने पंचगंगेच्या पाण्याबद्दल जे शिकवलं ते अजून ताजं असायला हवं.

जयपूर जिल्ह्याच्या गावांत प्रश्न उलटा आहे. तिथे पाणी कारखान्याने नव्हे, खडकाने बिघडवलंय. चाकसू, फागीच्या बाजूला भूजलात फ्लोराइड आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅम हवं, फार तर 1.5. त्यापुढे वर्षानुवर्षं प्यायलं की दात पिवळे-तपकिरी होतात, गुडघे आत वळतात, पाठ ताठते. दक्षिणेत शॉर्ट आणि सहकाऱ्यांनी हाडांचा हा आजार 1937 मध्येच नोंदवला होता. गंमत अशी की फ्लोराइडवालं पाणी बहुधा मऊ असतं. कॅल्शियम भरपूर असेल तर तो फ्लोराइडला बांधून ठेवतो; सोडियम-बायकार्बोनेटवाल्या पाण्यात तो मोकळा सुटतो. चवीला गोड, साबणाला फेस देणारं, डाळ चटकन शिजवणारं पाणीच कधी कधी जास्त घातक निघतं, आणि बाईमाणसाला ते कसं पटवायचं हा कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा अवघड प्रश्न आहे.

त्यावरचा भारतीय उपाय नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचा. 1958 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेतल्या नवलाखे, कुलकर्णी, पाठक आणि बुलुसू यांनी 1975 मध्ये 'नलगोंडा तंत्र' प्रसिद्ध केलं. तुरटी, चुना, ढवळा, बसू द्या, वरचं पाणी घ्या. म्हणजे पुन्हा जार टेस्टच, फक्त बादलीच्या आकाराची. वीज नको, पेटंटचा जाच नको, वस्तू किराणा दुकानातल्या. देशातल्या सार्वजनिक आरोग्यासाठी मराठी नावांचा वाटा असलेल्या कामांत याचा मान मोठा आहे, आणि तो आपण पुरेसा दिलेला नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या फ्लोराइडग्रस्त गावांशीही या तंत्राचं नातं आहे.

पण याही तंत्राला शेपूट आहे. गाळ उरतो, त्यात फ्लोराइड असतं, आणि तो अंगणात ओतला की पावसाबरोबर परत जमिनीत. दुसरं, तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम पाण्यात किती राहतं? मानकात त्याची परवानगी लिटरमागे जास्तीत जास्त 0.2 मिलिग्रॅम आहे. जयपूरच्या मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हाच प्रश्न धसाला लावला. फ्लोराइड काढताना उरणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमवरचा त्यांचा निबंध 2010 मध्ये 'वॉटर रिसर्च' या प्रतिष्ठित नियतकालिकात आला. मला या सगळ्या संशोधनात हे काम सर्वांत मोलाचं वाटतं. 'आम्ही किती काढलं' हे सांगणारे निबंध ढिगाने आहेत. 'काढताना आम्ही मागे काय ठेवलं' असं विचारणारे बोटावर मोजण्याइतके.

आणि खरं सांगायचं तर जयपूर शहराचा फ्लोराइडचा त्रास ज्याने सर्वांत जास्त कमी केला, ते औषध नव्हतं, पाइप होता. 2009 च्या सुमारास बिसलपूर धरणाचं पाणी शहरात आलं आणि कित्येक बोअर पिण्यासाठी अनावश्यक झाले. रसायनशास्त्रज्ञाला हे कबूल करणं जड जातं.

द्रव्यवतीचंही आता सुशोभीकरण झालं आहे. 2018 मध्ये उद्घाटन झालेल्या प्रकल्पात सुमारे 47 किलोमीटर काठ बांधले, बागा केल्या, एकूण 170 एमएलडीची पाच सांडपाणी केंद्रं घातली. ही केंद्रं घरगुती मैला खातात. विरघळलेलं मीठ त्यांच्यातून आलं तसं जातं. जॉगिंग ट्रॅकवरून ते दिसत नाही.

कंपन्यांना दोष देऊन भागत नाही. गिऱ्हाईक नळाच्या तोंडाशी आकडा बसवून मागतं, नियामक तिथेच नमुना घेतो, म्हणून संशोधनही तिथेच थांबतं. कायदा उरलेल्या मिठाचा, गाळाचा, रिजेक्टचा हिशोब तितक्याच कडकपणे मागू लागला, तर मुंबई-पुण्याच्याच प्रयोगशाळा तो प्रश्न सोडवतील. कमी मीठ मागणारे रंग बाजारात आलेले आहेत, मीठ वेगळं काढणारे पडदे आहेत, सिलिकेटशिवाय वाफेवर छपाई होते. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये घरगुती आरओबाबत तसा एक प्रयत्न केलाच: जिथे क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमच्या खाली तिथे आरओ नको, आणि बाकीकडे निदान 60 टक्के पाणी परत मिळायला हवं.

तोवर एवढं तरी व्हावं. सांगानेर असो, इचलकरंजी असो की तारापूर, प्रत्येक सामूहिक केंद्राच्या फाटकावर दरमहा तीन प्रश्नांची उत्तरं लिहिली जावीत: किती पाणी आलं, किती मीठ आणि गाळ निघाला, आणि ते सगळं कुठे गेलं. वाचकांपैकी ज्यांच्या सोसायटीत सॉफ्टनर किंवा मोठा आरओ आहे, त्यांनी पुढच्या सभेत वार्षिक देखभालीचं बिल मंजूर करण्याआधी विक्रेत्याला यातला तिसरा प्रश्न विचारावा.